५ इंची चाकं आणि १८ एमएमचा प्लाय : बेससाठी बनवलेल्या डॉल्यांचा ८ महिन्यांचा अनुभव

गेल्या मे महिन्यात आम्ही साऊंडच्या सामानासाठी डॉल्या, म्हणजे खाली चाकं लावलेल्या फळ्या, स्वतः बनवून घेतल्या, चार बेससाठी (बेसच्या स्पीकरचे मोठे खोके) आणि दोन अँपच्या, म्हणजे अँप्लिफायरच्या, रॅकसाठी. आता जानेवारी संपत आलाय, म्हणजे पावसाळा, गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट आणि लग्नाचा अर्धा सीझन एवढं सगळं त्यांच्यावरून गेलंय, म्हणून आत्ता लिहितोय. मेमध्येच लिहिलं असतं तर फक्त कौतुक लिहिलं असतं, नवीन रंग होता, चाकं चकचकीत होती.

आमचं काम छोटं आहे. ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला एक गाळा, सोसायट्यांचे कार्यक्रम, साखरपुडा, हळद, शाळेचं गॅदरिंग, अशा कामांना साऊंड देतो. मी, धाकटा भाऊ आणि काका. काका नात्याने आमचे कोणी नाहीत पण वडील धंदा बघायचे तेव्हापासून आमच्यात आहेत. डबल १८ चे, म्हणजे एका खोक्यात १८ इंची दोन स्पीकर असलेले, चार बेस आहेत, एकेक साधारण ९० किलोचा, आणि अँप अजून जुने ट्रान्सफॉर्मरवाले आहेत त्यामुळे तीन अँप आणि स्टॅबिलायझर मिळून एक रॅक ११० किलोला जातो. मागच्याच्या मागच्या गणपतीत घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत बेस उचलताना काकांच्या कमरेत उसण भरली. तिथेच पायरीवर बसले, घाम फुटलेला, आणि तोंडाने आपलं 'काही नाही रे, दोन मिनिटं थांब'. तीन आठवडे झोपून होते. त्याच दिवशी ठरलं की हे सामान आता हातावर न्यायचं नाही.

आधी रेडीमेड घेतल्या होत्या, फर्निचर सरकवायच्या मिळतात त्या, लाकडी चौकट आणि खाली २ इंची नायलॉनची चाकं. पॅकिंगवर २०० किलो लिहिलेलं होतं आणि वजन त्या घेतही होत्या, वजनाबद्दल तक्रार नाही. पण गुळगुळीत टाइल्स संपल्या की त्यांचं काम संपलं. आपल्याकडे सोसायटीत शिरल्यावर काय असतं बघा, पेव्हर ब्लॉक, त्यात एखादा खचलेला, मग चेंबरची जाळी, मग हॉलच्या दारात ग्रॅनाइटची पट्टी, आणि लिफ्ट असेल तर लिफ्टच्या दारातली फट. २ इंची चाक यातल्या प्रत्येक ठिकाणी अडकतं आणि मग ९० किलोचा बेस डॉलीसकट उचलावा लागतो, म्हणजे आधीपेक्षा वाईट. माझा भाचा मेकॅनिकलला आहे त्याने एकदा कागदावर गणित करून दाखवलं, १२ मिलिमीटरची कड असेल तर २ इंची चाकाला ती चढायला त्या चाकावर जेवढं वजन आहे त्याच्या दीडपटीहून जास्त जोर आडवा लावावा लागतो आणि तेच चाक ५ इंची असेल तर पाऊणपट पुरतो. म्हणजे निम्म्याहून कमी. ते गणित बघितलं आणि चाक ५ इंचीच घ्यायचं हे नक्की केलं, आणि आठ महिन्यांनंतर सांगतो की या सगळ्या प्रकरणात घेतलेला हा सगळ्यात बरोबर निर्णय.

चाकं नागदेवी स्ट्रीटवरून आणली. मस्जिद बंदरला उतरून चालत, आणि येताना २० चाकं दोन गोण्यांत भरून लोकलच्या लगेज डब्यातून. चाक घेताना लोक एकूण वजनाला ४ ने भागतात, तसं करू नका, ३ ने भागा. जमीन कधीच सपाट नसते, कुठेतरी एक चाक अधांतरी असतंच आणि तेवढा वेळ सगळा भार तिघांवर येतो. आमचं उदाहरण सांगतो, कधीकधी एका डॉलीवर दोन बेस एकावर एक जातात, म्हणजे १८०, डॉलीचे १४ (भंगारवाल्याच्या काट्यावर तोलून आणलं), एकूण १९४, भागिले ३ म्हणजे जवळजवळ ६५ किलो. आम्ही १०० किलोवाली घेतली. वर खड्ड्यात आदळायचा झटका वेगळा असतो, त्याला जागा ठेवायलाच हवी.

मटेरियल पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. नायलॉन स्वस्त आणि कडक असतं, सरकतंही हलकं, पण आवाज फार करतं. रात्री १० ला लाऊडस्पीकर बंद करायचा नियम आहे, म्हणजे आमची आवराआवर साडेदहा अकराला चालू असते, लोकांच्या घरात पोरं झोपलेली असतात आणि खाली पेव्हर ब्लॉकवरून नायलॉनची चाकं खडखड करत निघाली की बाल्कनीत दिवे लागतात. पीयूला तो त्रास नाही. काळं रबर आणखी शांत असतं पण एका हॉलमध्ये पांढऱ्या मार्बलवर त्याचे काळे पट्टे उठले होते आणि आम्ही तिघं गुडघ्यावर बसून पुसत होतो, त्यामुळे काळं रबर नकोच.

बेसचं बूड ४३ बाय २२ इंच आहे, त्याला डॉली ४५ बाय पावणेचोवीस केली. हे माप मुद्दाम, कारण ८ बाय ४ च्या एका शीटमधून बरोबर चार फळ्या निघतात, रुंदी अर्धा इंच वाढवली असती तर तीनच निघाल्या असत्या. वर कडेने इंचभर उंचीची लाकडी पट्टी, म्हणजे बेस घसरत नाही. एका डॉलीचा खर्च सगळा धरून चार हजाराच्या आत गेला, त्यातले निम्म्याहून जास्त चाकांचे. ते तसंच असायला पाहिजे असं आता माझं मत झालंय.

आता काय चुकलं ते.

पहिलं म्हणजे चाकं लाकडी स्क्रूने बसवली होती. सुतारमामा म्हणाले जाड स्क्रू आहेत, काही होत नाही, आणि मीही हो म्हटलं. जूनच्या शेवटी एका चाकाची प्लेट एका बाजूने उचकटली. तेव्हा लक्षात आलं की स्क्रू वरून येणारं वजन झेलतो पण चाक दगडाला अडतं तेव्हा प्लेटची एक बाजू वर खेचली जाते आणि प्लायमधून स्क्रू उपटून येतो. मग सगळे स्क्रू काढून ८ एमएमचे सीएसके बोल्ट वरून आरपार घातले, डोकं प्लायमध्ये बुडवून, खाली मोठा वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला, सहज न फिरणारा). त्यानंतर एकही चाक उचकटलेलं नाही. नट मात्र पहिल्या महिन्यात थोडे ढिले झाले, नट फिरले नव्हते, प्लायच दबला होता. हे कळलं कसं तर प्रत्येक नटावरून प्लेटवर पांढऱ्या पेंट मार्करची एक रेघ ओढून ठेवलेली होती, रेघ तुटली नव्हती तरी पाना लावल्यावर नट पाव फेरा गेला. दोनदा आवळल्यावर प्लाय बसला, आता महिन्यातून एकदा नुसती रेघ बघतो.

दुसरं, प्लाय. बेसच्या डॉल्यांना मरीन प्लाय वापरला आणि रॅकच्या दोन डॉल्यांना गाळ्यात पडलेला कमर्शियल प्लाय होता तो वापरला, म्हटलं वाया कशाला घालवायचा. दोन्हींना तोच रंग, तेच हात. ऑगस्टमध्ये फरक दिसला. कमर्शियलच्या कडा फुगल्या, एका कोपऱ्यात नख घातलं तर थर वेगळे होत होते. मरीनवाल्या आजही तशाच आहेत. रंग मारताना कापलेल्या कडांना तीन हात द्या, पाणी वरून शिरत नाही, कडेनेच शिरतं, आणि बोल्टच्या भोकातही आतून ब्रश फिरवा. रॅकच्या डॉल्या मी दिवाळीआधी परत बनवल्या, म्हणजे वाचवलेले पैसे तिथेच गेले. हौसेने वर कार्पेट चिकटवलं होतं तेही सप्टेंबरपर्यंत कुबट वास मारायला लागलं, खरवडून काढलं आणि रबर शीट लावली.

तिसरी गोष्ट जरा गंभीर आहे. सहाही डॉल्यांना चारही चाकं फिरती लावली होती, कारण फ्लाइट केसला (साऊंडचं सामान न्यायच्या मजबूत पेट्या) तशीच असतात आणि अडचणीच्या जागेत आडवी सरकते. ते खरं आहे. पण गणपतीच्या तिसऱ्या दिवशी एका बेसमेंटच्या उतारावरून बेस खाली नेताना डॉलीने अचानक मागचा भाग बाजूला टाकला, चारही चाकं वळली आणि १०० किलोहून जास्त वजन तिरकं होऊन भिंतीकडे निघालं, भाऊ भिंतीच्या बाजूलाच होता. त्याने वेळेत उडी मारली, बेसचा कोपरा भिंतीला लागून थांबला. आवाज झाला तो अजून कानात आहे. त्या आठवड्यातच बेसच्या डॉल्यांना एका बाजूला दोन फिक्स चाकं लावली आणि दोन फिरती ठेवली. आता उतारावर सरळ जाते. रॅकच्या डॉल्या चारही फिरत्याच ठेवल्या आहेत कारण त्या लिफ्टमध्ये जातात, ६ माणसांची लिफ्ट ४०८ किलोची असते, रॅक आणि दोघं माणसं आरामात बसतात पण आत वळवायला जागा नसते, तिथे फिक्स चाक चालत नाही. आणि उतारावर वजनाच्या खालच्या बाजूला कोणीही उभं राहायचं नाही, हे आम्ही आता नियमच करून टाकलंय, खांबाला पट्टा गुंडाळून हळूहळू सोडतो, पाच मिनिटं जास्त लागली तरी चालतील.

ब्रेकबद्दल एक सांगतो. जमिनीवर ब्रेक मस्त लागतो, स्टेजच्या बाजूला डॉली हलत नाही. पण छोट्या हत्तीत ब्रेकच्या भरवशावर सामान ठेवू नका. खड्ड्यात टेम्पो आदळला की ब्रेक लागलेलं चाकही सरकतं. बेस आम्ही डॉलीवरून उतरवून ठेवतो आणि डॉल्या बाजूला उभ्या लावतो, रॅक डॉलीवरच असतो पण रॅचेट पट्ट्याने आवळून. म्हणजे फाळक्यावर चढवायला हात लागतातच, डॉली तिथून पुढे स्टेजपर्यंतची सोबत आहे.

चाकांची हालत सांगायची राहिली. नवरात्र संपल्यावर सगळी चाकं उलटी करून बघितली. एक चाक जड फिरत होतं, वाटलं बेअरिंग गेलं. धुरा काढला तर आत झेंडूच्या माळेचा दोरा, मांडवाच्या लाल कार्पेटचे धागे, सोनेरी झिरमिळ्या आणि केस, असा घट्ट पिळलेला वेढा दोन्ही बाजूंना, त्यात चिखल सुकून सिमेंटसारखा झालेला. ब्लेडने कापून, सुईने उकरून काढला, रॉकेलने धुतलं, ग्रीस भरलं, चाक पुन्हा एका बोटाने फिरायला लागलं. बेअरिंगला काही झालं नव्हतं. त्यानंतर प्रत्येक मोठ्या कामानंतर चाकं उलटी करून बघतो. फवारायचं तेल मारून भागत नाही, ते धुऊन जातं आणि धूळ धरून ठेवतं, ग्रीसच पाहिजे, आणि फक्त चाकाच्या धुऱ्यात नाही तर वर जिथे चाक वळतं त्या बॉलच्या रिंगमध्येपण, पावसाचं पाणी आधी तिथे जातं.

२४ पैकी ४ चाकं बदलावी लागली. ती चार एका दुसऱ्या दुकानातून घेतली होती, नागदेवीला तेवढी कमी पडली म्हणून, दिसायला हुबेहूब आणि शंभर रुपयांनी स्वस्त. दोन चाकांचा पीयूचा थर आतल्या गाभ्यापासून सुटून टायरसारखा गोल फिरायला लागला, बाकी दोघांचा कडेने सुटायला लागला होता. दुकानदाराने वापर जास्त झाला म्हणून हात वर केले. आता घेताना मी थर आणि गाभा यांच्या सांध्यावर नख फिरवून बघतो, फट लागली की ठेवून देतो. अजून एक, श्रावणात तीन आठवडे काम नव्हतं, बेस डॉलीवरच चढवून ठेवले होते, चाकांना खालून चपटा डाग पडला आणि पुढचे दोन दिवस टक टक आवाज करत चालली. नंतर गेला तो, पण आता गाळ्यात बेस जमिनीवर आणि डॉल्या एकावर एक रचून.

तळ्याच्या बाजूला दिवाळी पहाटेचं काम होतं तेव्हा पहाटे तीनला सामान उतरवलं. पूर्वी चार बेस आणि दोन रॅक जागेवर लावायला चार माणसं आणि तासभर जायचा, बाहेरून दोन पोरं बोलवावी लागायची. त्या दिवशी आम्ही तिघांनी पंचवीस मिनिटांत लावलं. काका शेवटचा रॅक एकटे ढकलत आले, उंबरठ्यासारखी एक पट्टी होती ती त्यांनी डॉली जराशी तिरकी करून एकेक चाक घेत पार केली, सरळ नेली असती तर दोन्ही चाकं एकदम अडली असती. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आता पांढऱ्या रेघा बघायचं कामही त्यांनीच घेतलंय, शर्टाच्या खिशात चष्म्याच्या बाजूला १३ नंबरचा पाना असतो.