पोलार एच१० छातीपट्टा: सामन्याआधीच्या धडधडीवर कितपत कामाचा?

हृदयाचे ठोके मोजणारा पोलार कंपनीचा हा पट्टा मुळात धावणाऱ्या आणि सायकल चालवणाऱ्यांसाठी बनला आहे. इथं विचार केलाय तो एकाच कामाचा: आंतरमहाविद्यालयीन टेबल टेनिस सामन्यासाठी इंदूरच्या अभय प्रशाल या क्रीडा संकुलात टेबलापाशी जायच्या आधी ज्यांचे हातपाय गार पडतात, त्या मुलामुलींना याचा उपयोग होतो का? होतो, पण सामन्याच्या दिवशी नाही. त्याआधीच्या काही आठवड्यांत.

मनगटी घड्याळ असताना पट्टा कशाला? घड्याळ हिरव्या उजेडानं कातडीखालचा रक्तप्रवाह मोजतं. माणूस घाबरला की हाताच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच आकडा डळमळतो. पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट पकडतो, त्यामुळे दोन ठोक्यांमधलं अंतर मिलिसेकंदांत कळतं. धडधड आटोक्यात आणायचा जो श्वासाचा सराव, त्याला तेच लागतं.

पट्ट्याच्या आतले इलेक्ट्रोड पाण्यानं ओले करा, छातीच्या खालच्या बाजूला घट्ट बसवा आणि ठोक्यांमधलं अंतर दाखवणारं ॲप जोडा. पाठ टेकून बसा. ४ सेकंद नाकानं श्वास आत, ६ सेकंद बाहेर. मिनिटाला ६ श्वास, रोज १० मिनिटं. श्वास घेताना ठोके वाढतात, सोडताना मंदावतात. आलेखात मोठ्या, गुळगुळीत लाटा उठू लागल्या की लय सापडली. बिघडतं ते इथं: मुलं दीर्घ श्वासाच्या नादात खूप हवा ओढतात, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, ओठांना-बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि सरांना वाटतं पोरगं घाबरलं. श्वास संथ हवा, भरगच्च नको. ६ सेकंद जमत नसतील तर ३ आणि ५ वर सुरुवात करावी.

आलेख मध्येच तुटला तर बहुधा इलेक्ट्रोड सुकलेले असतात. इंदूरच्या कोरड्या थंडीत घाम लवकर सुटत नाही, त्यात पॉलिएस्टरची जर्सी अंगाशी घासली की स्थिर विजेचाही गोंधळ. पुन्हा पाणी लावा. काम झालं की सेन्सरची डबी पट्ट्यावरून काढा. ओल्या इलेक्ट्रोडवर राहिली तर ती चालूच राहते आणि सीआर २०२५ सेल कंपनीच्या ४०० तासांच्या दाव्याआधीच बसतो.

आता मर्यादा. ठोके म्हणजे भीतीचं माप नव्हे. ते वॉर्म-अपनं वाढतात, उत्साहानं वाढतात, सकाळी पोह्यांवर दोन चहा झाले तरी वाढतात. रेनर मार्टेन्स आणि सहकाऱ्यांच्या सीएसएआय-२ या सामन्याआधीची चिंता मोजणाऱ्या प्रश्नावलीत २७ विधानं आहेत, तीन भागांत: मनातली काळजी, शरीराची लक्षणं आणि आत्मविश्वास. पट्टा पोचतो तो फार तर मधल्या भागापर्यंत. ‘हरलो तर घरचे काय म्हणतील’ हे त्याला दिसत नाही. तिथं पहिल्या दोन-तीन सर्व्हिस आधीच ठरवून ठेवणं जास्त कामी येतं. शिवाय क्रीडा मानसशास्त्रज्ञ युरी हॅनिन यांच्या मांडणीनुसार प्रत्येक खेळाडूची तणावाची सोयीची पातळी वेगळी. काहींचा खेळ धडधडीतच खुलतो. म्हणून सामन्याच्या सकाळी पट्टा घरी ठेवा. स्क्रीनवर मिनिटाला १३० ठोके दिसले की जी मुलगी ठीक होती, तीही बिथरते.

कुणी ‘धडधडीची गोळी’ पुढे केली तर सरळ नाही म्हणा. डॉक्टरांशिवाय बीटा-ब्लॉकर, म्हणजे ठोके मंद करणारं औषध, घेणं धोक्याचं, आणि नेमबाजी-तिरंदाजीत वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची त्यावर सामन्यात आणि सामन्याबाहेरही बंदी आहे. बसल्याजागी ठोके चुकत असतील, छातीत दुखत असेल किंवा भोवळ येत असेल, तर हृदयाचा डॉक्टर गाठा; पट्टा ईसीजीची जागा घेत नाही.

एकेकट्या खेळाडूनं विकत घ्यावा असं हे काम नाही. संघात सेन्सर एक पुरे, कापडी पट्टे तेवढे ज्याचे त्याचे. ते वेगळे विकत मिळतात. दर वापरानंतर वाहत्या पाण्यात खळखळून धुवा, नाहीतर घामाच्या मिठानं संकेत बिघडतो.