मिरिसाच्या समुद्रात दोन सकाळी

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे एक पिल्लू वाळूत येऊन अडकले होते आणि त्याला पुन्हा पाण्यात लोटण्यासाठी माणसे दिवसरात्र झटत होती. आंबा घाट उतरून वर्षातून एकदा तरी गणपतीपुळ्याला जाणाऱ्या आमच्यासारख्या कोल्हापूरकरांच्या घरात त्या बातम्या फार जिव्हाळ्याने पाहिल्या गेल्या. मोकळ्या, खोल पाण्यात पोहणारा जिवंत देवमासा कुठे पाहायला मिळतो, असे माझ्या मुलीने त्या वेळी विचारले होते. तिच्या या प्रश्नामुळेच या फेब्रुवारीत आम्ही चौघे, म्हणजे मी, माझे यजमान, मुलगी आणि सत्तरीतली माझी आई, श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील मिरिसा या गावी पोहोचलो. तिथे आम्ही लागोपाठ दोन सकाळी दोन वेगळ्या बोटींतून समुद्रात गेलो. बंदर तेच होते, समुद्र तोच होता आणि देवमासेही त्याच जातीचे होते, तरी दोन अनुभवांत इतके अंतर पडले की ते सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

मिरिसाच का, हे आधी सांगते. श्रीलंकेच्या दक्षिणेला उथळ समुद्राचा पट्टा फार अरुंद आहे आणि किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्रतळ एकदम खोल जातो. त्यामुळे खोल पाण्यात वावरणारा निळा देवमासा पाहण्यासाठी इथे दिवसभराचा प्रवास करावा लागत नाही. तास-दीड तासात बोट त्याच्या वावराच्या भागात पोहोचते. नोव्हेंबर ते एप्रिल हा इथला हंगाम. मे महिन्यापासून नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की हा किनारा खवळतो आणि मग देवमासे पाहू इच्छिणारे लोक पूर्वेकडच्या त्रिंकोमालीला जातात. मुंबईहून कोलंबोचे विमान सुमारे अडीच तासांचे आहे आणि कोलंबोहून मिरिसापर्यंत दक्षिणेकडचा द्रुतगती मार्ग उत्तम आहे. कोल्हापूरहून निघणाऱ्याला मुंबई गाठणे हाच सर्वांत कंटाळवाणा टप्पा वाटेल.

पहिल्या दिवशी आम्ही दोन मजल्यांच्या मोठ्या बोटीचे तिकीट काढले होते. माणशी पंधरा हजार श्रीलंकन रुपये, म्हणजे आपले सव्वाचार हजारांच्या आसपास पडले. पहाटे साडेपाचला हॉटेलवर रिक्षा आली, बंदरावर सर्वांची नावे नोंदवून घेण्यात आली, लाइफ जॅकेट मिळाली आणि साडेसहाला बोट सुटली. नाश्त्याला ऑम्लेट, पाव, केळी, कलिंगड आणि चहा होता आणि तो चांगला होता. बोट स्वच्छ होती, कर्मचारी नम्र होते, आईला हात धरून चढवण्यात त्यांनी कुठेही हयगय केली नाही. इथवर तक्रारीला जागा नव्हती.

तक्रार पुढची आहे. दूरवर पहिला फवारा दिसताच आमच्या बोटीने वेग वाढवला, आणि आजूबाजूच्या सात-आठ बोटींनीही तेच केले. सगळ्या बोटी एका बिंदूकडे धावत निघाल्या, डिझेलचा धूर डोक्यावर आला आणि वरच्या मजल्यावरची माणसे एका कठड्याकडून दुसऱ्या कठड्याकडे पळू लागली. देवमाशापासून किमान शंभर मीटर अंतर राखावे, असा तिथला नियम आहे. आमच्या कप्तानाने ते अंतर राखले नाही. एका वेळी तर बोट देवमाशाच्या वाटेवर आडवी गेली आणि एरवी सात-आठ वेळा श्वास घेऊन मग खोल जाणारा तो जीव दुसऱ्याच श्वासाला पाण्याखाली गेला. पुन्हा शोध, पुन्हा पाठलाग. तीन तासांत आम्हाला चार वेळा राखाडी-निळ्या पाठीचा तुकडा दिसला आणि शेपटी एकदाच, तीही माणसांच्या खांद्यांच्या फटीतून. देवबागला किंवा तारकर्लीला डॉल्फिन पाहायला गेलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल, कारण तिथेही डॉल्फिन दिसला की होड्या त्याच्या अंगावर धाव घेतात. परतताना मुलीने विचारले, "आई, आपण त्याला घाबरवलं का?" मी "हो" म्हणाले, कारण दुसरे खरे उत्तर नव्हते.

त्या संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावरच्या पाच-सहा बुकिंगच्या ठिकाणी गेलो आणि दर विचारण्याऐवजी एकच गोष्ट विचारली: देवमासा दिसल्यावर तुमची बोट काय करते? बहुतेकांनी "अगदी जवळ नेतो" हे अभिमानाने सांगितले. एका ठिकाणी मात्र उत्तर मिळाले की आम्ही लांब थांबतो, इंजिन बंद करतो आणि त्याला यायचे असेल तर येऊ देतो. जवळून फोटो हवा असेल तर आमच्याकडे येऊ नका. आम्ही तिथेच चार जागा घेतल्या. ही बोट लहान होती, एकच मजला आणि वीस माणसे, आणि दर पहिल्यापेक्षा थोडा अधिक. सोबतचा मार्गदर्शक समुद्री जीवशास्त्र शिकलेला तरुण होता आणि निघण्यापूर्वी पंधरा मिनिटे त्याने काय पाहायचे हे समजावून सांगितले. त्या पंधरा मिनिटांची किंमत समुद्रात कळली.

त्याने पहिली गोष्ट सांगितली ती फवाऱ्याची. आपण चित्रांत देवमाशाच्या डोक्यावर पाण्याचे कारंजे पाहत आलो आहोत, पण ते पाणी नसते. तो त्याचा उच्छ्वास असतो, फुप्फुसांतली हवा जोराने बाहेर पडताना तयार झालेला बाष्पाचा स्तंभ, आणि निळ्या देवमाशाचा हा स्तंभ नऊ मीटरपर्यंत उंच जाऊ शकतो. आपण त्याला मासा म्हणत असलो तरी तो आपल्यासारखाच हवेत श्वास घेणारा, पिल्लाला दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे. पृथ्वीवर आजवर जगलेल्या ज्ञात प्राण्यांत याच्याहून मोठा कोणीही नाही, अगदी डायनोसॉरसुद्धा नाहीत. अंटार्क्टिकाकडचे देवमासे तीस मीटरपर्यंत जातात. उत्तर हिंदी महासागरातले त्याहून काहीसे लहान असतात. तरीही आपल्या कोल्हापूरच्या केएमटीच्या, म्हणजे शहर वाहतुकीच्या, दोन बस एकामागे एक उभ्या केल्या तर होईल एवढी त्यांची लांबी सहज भरते.

पावणेआठच्या सुमारास पहिला फवारा दिसला. आमच्या कप्तानाने, म्हणजे कोकणात ज्याला तांडेल म्हणतात त्याने, वेग कमी केला, देवमाशाच्या दिशेला समांतर अशी बोट बऱ्याच अंतरावरून नेली आणि इंजिन बंद केले. मार्गदर्शकाने सर्वांना न बोलण्याची विनंती केली. त्या शांततेत आम्हाला जे ऐकू आले ते पहिल्या दिवशी इंजिनांच्या आवाजात अजिबात ऐकू आले नव्हते: त्याचा श्वास. भात्यातून एकदम हवा सुटावी तसा, पण फार मोठा आणि खोल, आणि मागोमाग हवा आत ओढल्याचा आखूड आवाज. पाठ वर यायची, फवारा उडायचा, पाठ हळूहळू पाण्यातून पुढे सरकत राहायची आणि ती संपता संपत नसे. बऱ्याच वेळाने अगदी शेवटी पाठीवरचा छोटासा पर दिसायचा. आईने माझा हात धरला होता आणि ती श्वास मोजत होती. आठव्या श्वासानंतर पाठीची कमान झाली आणि पाणी निथळत असलेली पूर्ण शेपटी वर आली, क्षणभर उभी राहिली आणि सरळ खाली गेली. पाण्यावर राहिला तो फक्त एक गुळगुळीत, तेल सांडल्यासारखा दिसणारा गोल डाग. शेपटीच्या फटकाऱ्याने वर ढकललेल्या पाण्यामुळे तो उमटतो आणि मार्गदर्शकाने त्याला देवमाशाचे पाऊल म्हटले.

खाली गेलेला देवमासा साधारण दहा मिनिटांनी वर येतो. ती दहा मिनिटे या बोटीने जागचे न हलता काढली आणि त्या वेळात मार्गदर्शक आशा डी वोस या श्रीलंकेच्या समुद्री जीवशास्त्रज्ञ बाईंविषयी बोलला. निळे देवमासे थंड समुद्रात खातात आणि उष्ण समुद्रात केवळ प्रजननासाठी येतात, असा सर्वसाधारण समज होता. २००३ साली संशोधन नौकेवर असताना आशाबाईंना श्रीलंकेजवळच्या पाण्यावर तरंगणारी देवमाशाची लाल विष्ठा दिसली, आणि विष्ठा आहे म्हणजे इथे अन्न आहे, हा विचार त्यांनी पुढे नेला. इथले देवमासे वर्षभर उष्ण कटिबंधातच राहतात आणि इथल्या बारीक कोळंबीसारख्या जीवांवर पोट भरतात, हे आता माहीत झाले आहे. आमच्या नशिबाने त्याच सकाळी बोटीपासून थोड्या अंतरावर विटकरी रंगाचा एक पट्टा तरंगताना दिसला. मुलीने नाक दाबून घेण्याची तयारी केली होती, पण तो लालसर ढग समुद्राला खत घालतो आणि त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, हे ऐकल्यावर ती कठड्याला टेकून बराच वेळ तिकडे पाहत राहिली.

त्या पट्ट्याच्या पलीकडे, क्षितिजावर, मालवाहू जहाजांची रांग दिसत होती. देवुंदरा टोकाच्या दक्षिणेकडून जाणारा हा जलमार्ग जगातल्या सर्वांत वर्दळीच्या मार्गांपैकी आहे आणि तो नेमका देवमाशांच्या चरण्याच्या भागातून जातो, त्यामुळे जहाजांची धडक हा इथल्या देवमाशांना असलेला फार मोठा धोका आहे. २०२२ मध्ये एमएससी या मोठ्या जहाज कंपनीने आपली जहाजे स्वेच्छेने सुमारे पंधरा सागरी मैल दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. सर्व जहाजांनी तसे करावे, असे मला मनापासून वाटते. एका बाजूला ही जहाजे आणि दुसऱ्या बाजूला पाठलाग करणाऱ्या पर्यटकांच्या बोटी, अशा कोंडीत हा जीव जगत असेल, तर निदान आपल्या तिकिटाच्या पैशाने तरी त्यात भर पडू नये. त्या सकाळी आम्ही तीन देवमासे पाहिले, एकूण पाच वेळा शेपटी पाहिली आणि परतीच्या वाटेवर गिरक्या घेत उड्या मारणाऱ्या स्पिनर डॉल्फिनांचा मोठा थवा पाहिला.

आता सोयींविषयी. बोट लागण्याची भीती खरी आहे. गगनबावड्याचा घाट गाडीतून निर्धास्त उतरणारे माझे यजमान पहिल्या दिवशी अर्धा वेळ डोके धरून बसले होते. गाडी लागू नये म्हणून असलेली गोळी डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वी तासभर आधी घ्यावी, पहाटे अगदी रिकाम्या पोटी जाऊ नये आणि बसताना बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर बसावे. तिथे हेलकावा कमी जाणवतो. नजर क्षितिजावर ठेवली की मळमळ कमी होते, मोबाइलच्या पडद्यावर ठेवली की वाढते. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी धक्क्यावरून बोटीत पाऊल टाकणे हा एकच अवघड क्षण आहे आणि दोन्ही बोटींवर मदतीला माणसे होती. मोठ्या बोटीचा वरचा जिना मात्र उभा आहे, आईला आम्ही तिथे नेले नाही. लहान बोटीवरचा नाश्ता साधा होता, फळे, बिस्किटे आणि आल्याचा चहा, आणि शौचालय फारच अरुंद. सावलीही कमी, त्यामुळे टोपी आणि लांब बाह्यांचा सदरा न्यावाच.

देवमासा दिसलाच नाही तर दुसऱ्या दिवशी फुकट किंवा अर्ध्या दरात नेण्याची तयारी काही बोटवाले दाखवतात. हे पैसे देण्यापूर्वी स्पष्ट विचारून घ्यावे. त्याचा उपयोग व्हायचा तर मिरिसात एक रात्र पुरत नाही, किमान दोन ठेवाव्यात. पहिली सकाळ वाऱ्यात किंवा चुकीच्या बोटीत गेली, तरी दुसरी हाताशी राहते.