झोपेतून उठवणारा अलार्म: नेटवर्कवरची पेटी की थेट वायरचा बझर?

बोटीवरच्या चार्टप्लॉटरचा (समुद्राचा नकाशा आणि बोटीची जागा दाखवणाऱ्या पडद्याचा) स्वतःचा बीप केबिनमध्ये ऐकू येत नाही, हे ज्यांच्या लक्षात आलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. इंजिन चालू असलं किंवा वारा दोरखंडांतून घुमत असला, की कॉकपिटमधला तो बारीक आवाज बंकपर्यंत, म्हणजे झोपायच्या जागेपर्यंत, पोचत नाही. बाहेरचा आवाज जोडायचे दोन्ही प्रकार मी वापरले आहेत: एनएमईए २००० च्या, म्हणजे बोटीवरची उपकरणं एकमेकांना जोडणाऱ्या नेटवर्कच्या, बॅकबोनवर (मुख्य केबलवर) बसणारी अलार्मची पेटी, आणि उपकरणाच्या अलार्म आउटपुटवर रिले (छोट्या करंटने चालणारा विजेचा स्विच) लावून केलेला साधा बझर. पेटी दोन सीझन होती. आता बझर आहे.

पेटी वाईट नव्हती. एक टी (फाटा काढायचा जोड), एक ड्रॉप केबल (त्या फाट्याची वायर), की काम झालं. वीजही त्याच केबलमधून मिळते. खोलीचा अलार्म वेगळ्या सुरात, नांगर सरकल्याचा वेगळ्या सुरात, आणि बंकवरूनच बटण दाबून गप्प करता येतं. सगळी उपकरणं एकाच कंपनीची आणि साधारण एकाच काळातली असतील तर पेटीचा विचार जरूर करा.

माझ्याकडे प्लॉटर एका कंपनीचा, एआयएस (आसपासच्या जहाजांची माहिती रेडिओवरून घेणारं उपकरण) दुसऱ्या कंपनीचं. पेटी बसवली त्या दिवशी मी चाचणी घेतली होती: खाली ६ मीटर पाणी असताना उथळ पाण्याची मर्यादा १० मीटर केली. पेटी लगेच वाजली आणि मी निश्चिंत झालो. पुढे एका पहाटे कॉकपिटमध्ये बसलो असताना एआयएसच्या पडद्यावर एका जहाजाची खूण लाल झाली. सीपीए, म्हणजे ते जहाज जास्तीत जास्त किती जवळ येणार ते अंतर, अर्ध्या मैलाच्या आत, एआयएसचा स्वतःचा बीप चालू, आणि खाली केबिनमध्ये पेटी शांत. मी खाली जाऊन तिच्याजवळ कान नेला. काहीच नाही. नेटवर्कमध्ये बिघाड नव्हता, त्याच केबलवरून ते जहाज प्लॉटरवरही दिसत होतं. फक्त अलार्मचा संदेश पेटीला कळेल अशा रूपात तिच्यापर्यंत येत नव्हता.

एनएमईए २००० मध्ये इशाऱ्यांसाठी ठरलेले संदेश आहेत, पीजीएन (संदेशाच्या प्रकाराचा क्रमांक) १२६९८३ आणि त्याच्या पुढचे. पण सगळी उपकरणं ते पाठवतात असं नाही. काही कंपन्या स्वतःचे खास संदेश वापरतात, तर काही इशारे उपकरण स्वतःच काढतं आणि स्वतःच्या पडद्यापुरते ठेवतं. सॉफ्टवेअर अपडेटने हे कदाचित सुटलं असतं. पण त्यानंतर रोज आडवं होताना एकच शंका यायची: पेटी गप्प आहे ती सगळं ठीक आहे म्हणून, की तिला काही कळलेलंच नाही म्हणून? तिच्यावरचं टेस्टचं बटण तिचा स्वतःचा भोंगा तपासतं, बाकी काही नाही. मला पेटीचं हेच खटकलं, बाकी तक्रार नाही.

बझरला एक दुपार लागली. आउटपुट १२ व्होल्ट देतं की वायर निगेटिव्हला ओढतं, हे मॅन्युअलमध्ये आधी पाहा. माझी दोन्ही निगेटिव्हला ओढणारी निघाली, म्हणून रिलेच्या कॉइलचं एक टोक फ्यूजमधून पॉझिटिव्हला आणि दुसऱ्या टोकावर प्लॉटर आणि एआयएस अशा दोघांच्या वायरी, प्रत्येकीत एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग). गाडीतला रिले उचलून लावू नका. त्याची कॉइल साधारण १५० मिलिअँपिअर घेते आणि बऱ्याच आउटपुटना तेवढा करंट झेपत नाही. ३०-४० मिलिअँपिअरचा छोटा रिले पुरतो. कॉइलवर उलटा डायोड हवाच, रिले सुटताना येणारा झटका आउटपुट जाळू शकतो.

आवाज निवडताना कर्कशपणाच्या मागे लागू नये असं मला वाटतं. बहुतेक पीझो बझर ३ किलोहर्ट्झच्या आसपास वाजतात, आणि वयानुसार कान आधी वरच्याच पट्टीत कमी पडतात. धुराच्या अलार्मवरच्या अभ्यासांत ५२० हर्ट्झच्या चौकोनी लहरीने, विशेषतः ऐकू कमी येणारी माणसं जास्त खात्रीने जागी झाली. मी खालच्या पट्टीचा भोंगा घेतला. त्यात चुंबक असतो, त्यामुळे तो ऑटोपायलटच्या फ्लक्सगेट कंपासपासून (इलेक्ट्रॉनिक होकायंत्रापासून) लांब लावा. मी आधी बंकच्या फळीखाली लावला होता, कंपासपासून हातभर अंतरावर, आणि हेडिंग (बोटीची दिशा) काही अंशांनी सरकलं. भोंगा हलवला तसं ते पूर्ववत झालं.

बझरच्या उणिवा आहेत. काय झालंय ते तो सांगत नाही, सगळ्याला एकच सूर. वेपॉइंट (मार्गावर आधी ठरवलेला बिंदू) आला, मार्गापासून थोडं हटलो, अशा किरकोळ गोष्टींनाही तो वाजतो, म्हणून ते अलार्म मेनूत जाऊन बंद करावे लागले. पण माझ्या प्लॉटरमधला कुठलाही अलार्म तीच वायर ओढतो, म्हणून खोलीची मर्यादा बदलून घेतलेली एक चाचणी बाकीच्यांसाठीही चालते. एआयएससाठी वेगळी चाचणी घेतो: रहदारी असेल तेव्हा सीपीएची मर्यादा वाढवायची आणि थांबायचं. फोनवरचं ॲपही वापरून पाहिलं, पण वायफाय तुटलं की तेही गप्प, म्हणून त्यावर फार वेळ घालवला नाही.

बझर बंकवरून बंद करायचा स्विच मी मुद्दाम लावला नाही. त्याला गप्प करायला पायऱ्या चढून पडद्यापाशी जावं लागतं, आणि तिथे पोचेपर्यंत मी पुरता जागा झालेला असतो.