सभागृहात खुर्च्या की बाक?

आमच्या गावात देवळाशेजारचं सभागृह पुरं होत आलंय आणि पंच कमिटीत बसण्याच्या सोयीवरून दोन तट पडलेत. एकांना प्लास्टिकच्या खुर्च्या हव्यात, दुसऱ्यांना लोखंडी बाक. खानापूर-निपाणीकडेही गावोगाव अशी सभागृहं उभी राहतायत, म्हणून मी टेप लावून जे मोजलं ते मांडते.

आधी माझी बाजू सांगते. माझी आत्या अंगानं मोठी आहे. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात ती हाताच्या खुर्चीतून उठायला गेली आणि खुर्ची तिच्याबरोबरच वर आली. दोघींनी ओढून काढली. मागच्या रांगेत हसू फुटलं. तेव्हापासून ती आहेर देऊन दारातूनच परत फिरते. कडोलीच्या साहित्य संमेलनाला सबंध दिवस बसायची, तेही सोडलं.

अशी ती एकटीच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी जास्त वजनाच्या २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होत्या, २०१९-२१ मध्ये २४ टक्के झाल्या. पुरुष १८.९ वरून २२.९ वर गेले. आज घेतलेलं सामान पुढची कितीतरी वर्षं वापरायचंय.

खुर्ची स्वस्त आणि हलकी. एक पोरगा चार-चार उचलतो, पंगतीच्या वेळी थप्पी लावून हॉल मोकळा होतो, मोडली तर एकच बदलता येते. गुडघे दुखणाऱ्यांना उठताना हातांचा आधार मिळतो, हा गुण मोठा आहे. पण दोन हातांमधलं अंतर मी मोजलं ते सतरा इंच. उन्हात राहून प्लास्टिक कडक होतं आणि गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात. मग जड माणसासाठी दोन खुर्च्या एकात एक घालून देतात. देणाऱ्याच्या मनात चांगलंच असतं, पण ‘इकडं अजून एक खुर्ची आणा रे’ ही हाक सगळा मांडव ऐकतो. बिनहाताच्या खुर्च्यांनी रुंदीचा प्रश्न सुटतो, पायांचा सुटत नाही.

बाकाचं गणित मला वेगळं निघालं. वीस फुटांच्या रांगेत बाहेरून बावीस इंच रुंदीच्या दहा खुर्च्या बसतात. तिथंच पाच फुटांचे चार बाक लावले तर तिघं-तिघं धरून बारा माणसं, आणि मोठ्या अंगाची दोघं-दोघं बसली तर आठ. जागा वाया जाते हा आक्षेप त्यामुळे टिकत नाही. बाक हलवायला दोन माणसं लागतात आणि खर्च जास्त, हे मात्र खरं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत दोन-तीन ठिकाणी दर विचारा. पाय अगदी टोकांजवळ घ्यायला सांगा, नाहीतर कडेला जड माणूस बसला की बाक उलटतो. पाठ हवीच. बसायची उंची अठरा इंच ठेवा, त्याहून खाली गेलं की उठणं जड जातं.

कमिटीतले एक काका म्हणाले, अशी सोय केली तर लोक वजन कमी करायचे नाहीत. आत्याचं वजन वाढलं ते दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्यावर. देवळापर्यंत चालत येणं हाच तिचा व्यायाम होता, आणि तो खुर्चीनं बंद केला. त्या पैशात चालायला मैदान करा, असंही कुणी म्हणालं. मैदान मलाही हवंय, पण बसायला काहीतरी घ्यायचंच आहे. प्रश्न फक्त खुर्च्या आणि बाकांच्या खर्चातल्या फरकाचा आहे.

कायद्याची सक्ती नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत लठ्ठपणा नाही. कॅनडात २००८ मध्ये निर्णय झाला, की लठ्ठपणामुळे अपंगत्व आलेल्या प्रवाशाकडून देशांतर्गत विमानात दुसऱ्या सीटचे पैसे घेऊ नयेत. बसमधल्या सीटा आपल्या हातात नाहीत, हा हॉल मात्र आपल्या हातात आहे.

माझं मत असं: दोन तृतीयांश बाक घ्यावेत, उरलेल्या जागेत भक्कम, रुंद, हाताच्या खुर्च्या. त्या प्रत्येक रांगेत मिसळून ठेवा. कोपऱ्यात वेगळ्या नकोत, पाटी तर नकोच. आणि या हॉलमध्ये आरोग्य शिबिर भरेल तेव्हा रक्तदाबाचा मोठा पट्टा आणायला सांगा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर दाब खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, आणि नसलेल्या दुखण्याच्या गोळ्या सुरू होतात.

ऑर्डर देण्याआधी एक बाक नमुन्याला करून घ्यायचं ठरलंय. बसून बघशील का, म्हणून आत्याला विचारलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “कोण नसताना येतो गे.”