थांबवण्याचे बटण असलेला डबा : ख्मेर खेड्यातील श्राव्य शुभवर्तमान यंत्राचे परीक्षण

कंबोडियाच्या वायव्य भागातील एका खेड्यात मी दोन हंगाम राहिले. पहिल्या खेपेस भातकापणी उरकल्यानंतरचे कोरडे दिवस होते आणि दुसऱ्या खेपेस भर पावसाळा, म्हणजे गावात येणारा लाल मातीचा रस्ता घोटाभर चिखलात गेलेला. तिथल्या ख्मेर पाळकांच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या, हाताखाली नव्या ख्रिस्ती मंडळीच्या कामाला मदत करणे एवढीच माझी जबाबदारी होती. या काळात ज्या वस्तूवाचून आमची एकही बैठक झाली नाही, त्या श्राव्य शुभवर्तमानाच्या डब्याविषयी सविस्तर लिहावे असे परतल्यापासून मनात होते. हा डबा आमच्याच मंडळीने वर्गणी काढून पाठवला होता, आणि तो गावात गेल्यावर नेमके काय करतो याची आम्हां पाठवणाऱ्यांपैकी कोणालाही कल्पना नव्हती.

डबा शाळकरी मुलाच्या जेवणाच्या डब्यापेक्षा थोडा मोठा, जाड प्लास्टिकचा आहे. पाठीवर सौर पट्टी, बाजूला हाताने फिरवायचा दांडा, समोर जाळीमागे कर्णा आणि खाली मोजकी बटणे : चालू, पुढे, मागे, आवाज आणि थांबवणे. पडदा नाही. नव्या कराराचे संपूर्ण ख्मेर ध्वनिमुद्रण आत बसवलेले असून त्यात दुसरे काही भरता येत नाही. गावकरी त्याला ‘विट्यु’ म्हणतात. ख्मेरमध्ये रेडिओला हाच शब्द आहे आणि तो आपल्या ‘विद्युत्’पासून आलेला आहे, हे कळले तेव्हा मला मोठा आधार वाटला. पुढे असे शब्द भेटतच गेले. पापाला ‘बाप’, कर्माला ‘कम’, पुण्याला ‘बोन’. आणि क्षमा मागताना माणूस ‘सोम तोह’ म्हणतो, त्यातला ‘तोह’ म्हणजे आपला ‘दोष’.

छापील पुस्तक असताना डबा कशाला, हा प्रश्न मलाही होता. ख्मेर लिपीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. वाक्यखंड संपला की मगच मोकळी जागा येते. जोडाक्षरातले दुसरे व्यंजन पहिल्याच्या खाली लिहितात आणि त्याला अक्षराचा पाय म्हणतात. ज्यांचे शाळेचे वय १७ एप्रिल १९७५ ते ७ जानेवारी १९७९ या ख्मेर रूज म्हणवणाऱ्या कम्युनिस्टांच्या राजवटीत आणि त्यानंतरच्या यादवीत गेले, त्यांच्यापैकी अनेकांना ही अक्षरे ओळखता येत असली, तरी सलग पान वाचणे त्यांना जमत नाही. त्या राजवटीत शाळा बंद होत्या, शिक्षक वेचून मारले गेले, आणि उपासमार, आजार व हत्या मिळून सुमारे १७ लाख माणसे गेली. आज साठीच्या पुढे असलेल्या माणसाला पुस्तक हातात देणे म्हणजे पुष्कळदा त्याला चारचौघांत खाली पाहायला लावणे असते. डबा ही वेळ येऊ देत नाही, आणि या एका कारणासाठी मी त्याला पूर्ण गुण देते.

ख्मेर भाषेतले संपूर्ण बायबल प्रथम १९५४ साली छापले गेले. १९२३ साली कंबोडियात पोहोचलेल्या आर्थर हॅमंड यांच्या अनेक वर्षांच्या श्रमांतून ते झाले. त्याची भाषा आजच्या तरुणांना जड जाते. आमच्या डब्यात १९९७ च्या सुलभ भाषांतराचे वाचन आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावी बसून कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशा मराठीत शास्त्र आणले, त्याची मला पहिल्याच दिवशी आठवण झाली. मात्र ख्मेरमध्ये एक अडचण निराळी आहे. तिथे ‘जेवणे’ या एका क्रियेला माणूस पाहून शब्द बदलतो : खेड्यातला शेतकरी ‘होप’ म्हणतो, भिक्खूसाठी ‘छान’ आणि राजासाठी ‘साओय’. सुलभ भाषांतरातही प्रभू येशूसाठी राजाची क्रियापदे येतात. आदरासाठी ती हवीतच, पण जकातदाराच्या घरी तो जेवायला बसतो त्या जागी हा शब्द आला, की तो पंक्तीत न बसता सिंहासनावर बसल्यासारखा ऐकू येतो. ऐकणाऱ्या बायका त्या शब्दाला हात जोडीत आणि गोष्टीतला धक्का तेवढा निसटून जाई. हा दोष डब्याचा म्हणता येणार नाही, पण डब्याला समजावून सांगता येत नाही, हे लक्षात ठेवावे लागते.

खरा दोष ध्वनिमुद्रणातच आहे, आणि तो गंभीर आहे. वाचन नाट्यरूप आहे : प्रत्येक पात्राला वेगळा आवाज, मागे संगीत, गर्दीचा कोलाहल, वाऱ्याचा व लाटांचा आवाज. तरुणांना ते आवडते. परंतु एका संध्याकाळी वधस्तंभाचा प्रसंग लागला. फटक्यांचे आवाज, आरडाओरडा, शिपायांचे हुकूम हे सारे त्या लहानशा कर्ण्यातून इतके स्पष्ट आले, की समोर सुपारी कातरत बसलेली एक याय, म्हणजे आजी, अडकित्ता खाली ठेवून उठली आणि चुलीकडे जाऊन पाठ करून उभी राहिली. तिला कोणी काही विचारले नाही, कारण तिथे असे विचारत नाहीत. त्या रात्री पाळकांनी ठरवले, की हे अध्याय डब्यावर लावायचे नाहीत, ते तोंडाने हळू वाचायचे. ज्या देशात त्या पिढीतल्या जवळजवळ प्रत्येक घराने मार आणि मरण डोळ्यांनी पाहिले आहे, तिथे पाठवायच्या ध्वनिमुद्रणात फटक्यांचा आवाज भरणाऱ्यांनी ऐकणारा माणूस डोळ्यांसमोर आणलाच नव्हता, असे मी दुःखाने म्हणते.

आता थांबवण्याच्या बटणाविषयी. माझ्या मते डब्यातली सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे, आणि बहुतेक ठिकाणी तिचाच उपयोग होत नाही. डबा चालू करून अख्खा तास ऐकवला की माणसे नम्रपणे बसतात, शेवटी हात जोडतात आणि घरी जातात. विहारातले पाली पठण ऐकण्याची सवय असल्याने न समजता आदराने ऐकणे त्यांना परके नाही. आमचे पाळक दहा-बारा ओव्यांवर बटण दाबत आणि एकच प्रश्न विचारून गप्प बसत. त्या खांबांवरच्या घराखाली, झोळी आणि बांबूच्या बाजेमध्ये, क्रामा, म्हणजे तिथला चौकड्यांचा पंचा, अंथरून त्यावर डबा ठेवलेला असे. बटण दाबले की कोंबड्यांचा आवाज ऐकू येऊ लागे.

लूककृत शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय लागला होता. त्यातल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीत धाकटा भाऊ परतल्याचा आनंद घरात चालू असताना थोरला मुलगा रागावून बाहेर उभा राहतो आणि आत येत नाही, तिथे त्यांनी डबा थांबवला आणि विचारले, ‘आपल्यात बाहेर कोण उभे आहे?’ हा प्रश्न त्या गावात सोपा नाही. ख्मेर रूजच्या काळात शहरांतून हाकलून आणलेल्यांना ‘नवी माणसे’ किंवा ‘१७ एप्रिलची माणसे’ म्हणत, आणि आधीपासून गावात असलेल्यांना ‘मूलथान’ची, आपल्या ‘मूलस्थान’ शब्दातली, मूळ माणसे. नव्या माणसांना शिधा कमी आणि काम अधिक. आज दोन्ही प्रकारची म्हातारी माणसे एकाच गावात, काही ठिकाणी एकाच कुंपणाला लागून राहतात. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, की सामुदायिक भोजनगृहात बोबोर, म्हणजे तांदळाची पेज, वाढायची पळी माझ्या हातात असे, आणि कोणाच्या वाट्याला तळातले दाणे द्यायचे आणि कोणाला वरचे पाणी, हे मी ठरवीत असे. समोर नव्या माणसांपैकी एक बाई बसली होती. तिने मान वर केली नाही आणि शब्द उच्चारला नाही. बैठक तशीच संपली. पुढच्या रविवारी ती आली आणि त्याच जागी, त्यांच्या समोर बसली. मी तिथे होते तोवर त्या दोघांत याहून अधिक काही घडलेले मी पाहिले नाही आणि पाळकांनीही ते घडवून आणण्याची घाई केली नाही.

त्यांच्या या संयमाला मी फार मोठे मानते. या देशात ख्रिस्ती क्षमेकडे संशयाने पाहण्याला कारण आहे. ख्मेर रूजच्या तुओल स्लेंग तुरुंगाचा प्रमुख दुच, ज्याच्या ताब्यातून किमान १२,००० माणसे मरणाकडे गेली, त्याने १९९६ साली बाप्तिस्मा घेतला होता. १९९९ साली तो सापडला, २०१० साली त्याला शिक्षा झाली, २०१२ साली अपिलात ती जन्मठेप झाली आणि २०२० साली तो वारला. ख्मेर रूजच्या गुन्ह्यांसाठी नेमलेल्या त्या न्यायासनाने शेवटपर्यंत दोषी ठरवलेली माणसे अवघी तीन. त्यामुळे ‘कर्माचे फळ चुकवायला मारेकरी येशूकडे जातात’ हे वाक्य मी बौद्ध शेजाऱ्यांकडून ऐकले, आणि त्यावर डब्यातले कोणतेही वचन लावून उत्तर देता येत नाही. पळी धरणाऱ्या त्या गृहस्थांनी आपला दोष नाव घेऊन, ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या देखत सांगितला. मंडळी रुजते ती अशा ठिकाणी, असे माझे मत झाले आहे.

यंत्र म्हणून सांगायचे, तर कोरड्या दिवसांत सकाळी उन्हात ठेवलेला डबा संध्याकाळच्या दोन बैठकांना पुरे. पावसाळ्यात मात्र आकाश आठवडाभर उघडत नाही आणि सगळा भार दांड्यावर येतो. मुले तो हौसेने फिरवतात. दुसऱ्या महिन्यात दांडा मुळाशी तुटला. गावातल्या मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्याने लोखंडी सळईचा नवा दांडा करून डाखला, आणि तो मूळ दांड्यापेक्षा मजबूत आहे. ‘समेट’ याला ख्मेरमध्ये ‘फ्सा फ्सा’ असा, उच्चारात किंचित भेद असलेला जोडशब्द आहे : त्यातला एक जखम भरून येण्याचा आणि दुसरा धातू डाखण्याचा. पाळकांनी हे मला त्या दुकानासमोर उभे राहून सांगितले.

गावातल्या तरुणांच्या हाती स्मार्टफोन आहेत आणि ख्मेर शास्त्र फोनवर फुकट ऐकता येते. आवाज डब्याहून चांगला, हवा तो अध्याय क्षणात सापडतो, तर डब्यावर ‘पुढे’चे बटण दाबत बसावे लागते. तरीही वृद्धांच्या बैठकीसाठी मी डबाच निवडेन, कारण फोन एकाचा असतो आणि मध्येच वाजतो.

एक इशारा देणे आवश्यक आहे. कंबोडियात शेकडा ९७ हून अधिक लोक बौद्ध आहेत, ख्रिस्ती अर्ध्या टक्क्याहूनही कमी, आणि धर्म खात्याच्या २००७ च्या निर्देशाने दारोदार जाऊन धर्मप्रसार करण्यास मनाई आहे. डबा घेऊन घरोघरी फिरणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय शेजाऱ्यांना ते डिवचण्यासारखे वाटते. प्चुम बेनच्या पंधरवड्यात तर तो बंदच ठेवावा. हा पंधरवडा भाद्रपदातल्या आपल्या पितृपक्षाबरोबरच येतो आणि ‘बेन’ म्हणजे ‘पिंड’च. ज्यांच्या आईबापांना अग्नीही मिळाला नाही अशी माणसे त्या दिवसांत पहाटे विहारात भाताचे गोळे घेऊन जातात, आणि ख्रिस्ती झालेल्या मुलीने आपल्याला उपाशी ठेवले असे मृतांना वाटेल, ही भीती त्यांना खरोखर वाटते. आमच्या मंडळीतल्या बायका त्या दिवसांत विहारातल्या पंगतीसाठी भाजी चिरायला गेल्या. पाळकांनी त्यांना अडवले नाही. मला ते योग्य वाटले.

डबे पाठवू इच्छिणाऱ्या मंडळ्यांना माझी शिफारस आहे, की नाट्यरूप नसलेले, एका आवाजातले, संथ वाचन मिळत असेल तरच पैसे द्यावेत, एका गावाला एकच डबा द्यावा, आणि त्यासोबत बैठक चालवणाऱ्या ख्मेर माणसाच्या वर्षभराच्या प्रवासखर्चाची तजवीज आधी करावी. आमचा डबा अजून चालतो. सौर पट्टीचा एक कोपरा तडकला आहे आणि ‘मागे’चे बटण आत गेले आहे.