गव्हाशिवायचा डबा: इडली की नाचणीचं धिरडं?

भाचीच्या साडेतीन वर्षांच्या लेकाला डॉक्टरांनी गहू बंद केला. पोळी गेली, रव्याचा शिराही गेला. ती विचारते, "मावशी, बालवाडीच्या डब्यात इडली देऊ की धिरडं?"

मऊपणात इडली सरस. तीन तासांनीही चिमुकल्या बोटांनी तुटते. धिरडं गार झालं की चिवट होतं. किसलेला दुधी घातला तर बरं राहतं.

पोषणात नाचणी खूप पुढे. 100 ग्रॅममध्ये साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम, पॉलिशच्या तांदळात 10 सुद्धा नाही. इडलीची भिस्त उडीद डाळीवर, म्हणून ती कमी करू नकोस.

मला खरी काळजी आहे ती नकळत पोटात जाणाऱ्या गव्हाची. गिरणीत गव्हामागोमाग दळलेली नाचणी अजिबात नको. निवडून घरच्या मिक्सरवरच दळ. इडलीचं पीठ घरीच वाटतो, तिथे हा धोका कमी. मात्र सांबारातला हिंग तपास, बाजारच्या हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ असतं.

मेहनत म्हणशील तर धिरडं आयत्या वेळी होतं, इडलीला आदल्या दिवशीची आठवण हवी.

स्वतःच्या हातानं जेवायला शिकणाऱ्याला इडली दे. दूधही सोसत नसेल, तर आठवड्यातले निदान तीन डबे धिरड्याचे.