पीएचपीचं अ‍ॅरे_इंटरसेक्ट_की: फॉर्मच्या डेटासाठी डोळे झाकून घ्या

पीएचपीत फॉर्ममधून आलेल्या डेटातल्या हव्या तेवढ्याच कीज (म्हणजे 'ईमेल' सारखी फील्डची नावं, ज्यांच्यापुढे भरलेली व्हॅल्यू असते) ठेवायच्या आणि बाकीच्या उडवायच्या, या कामाला माझी पहिली पसंती अ‍ॅरे_इंटरसेक्ट_की (दोन अ‍ॅरेंतल्या सारख्या कीज ठेवणारं फंक्शन), जोडीला अ‍ॅरे_फ्लिप (की आणि व्हॅल्यूची अदलाबदल करणारं). पीएचपी 5.1 पासून आहे त्यामुळे जुन्या सर्व्हरवरही चालतं. नाव, ईमेल, फोन अशी चालणाऱ्या कीजची यादी करा, फ्लिप करा म्हणजे त्याच कीज होतात, मग पोस्टच्या (फॉर्ममधून आलेल्या डेटाच्या) अ‍ॅरेशी इंटरसेक्ट, एका ओळीत विषय संपला. व्हॅल्यूला हात लावत नाही हे सगळ्यात भारी, कारण बरेच जण कॉलबॅक (काय ठेवायचं ते ठरवणारं फंक्शन) न देता नुसतं अ‍ॅरे_फिल्टर मारतात आणि मग युजरने भरलेला 0 पण गायब होतो. लाराव्हेल (पीएचपीचं फ्रेमवर्क) वाल्यांनो, तुमचं एआरआर ओन्ली (Arr::only) आतून हेच करतं.

5.6 मध्ये अ‍ॅरे_फिल्टरला कीवर फिल्टर करायचा फ्लॅग आला, तोही चांगला आहे, अमुक अक्षरांनी सुरू होणाऱ्या सगळ्या कीज हव्या असतील तर तोच घ्या. फक्त आत इन_अ‍ॅरे (यादीत आहे का ते बघणारं फंक्शन) लिहिताना तिसरा पॅरामीटर ट्रू द्याच, म्हणजे तुलना टाइप धरून काटेकोर होते. नाही दिला तर पीएचपी 7 पर्यंत 0 ही की 'ईमेल' सारख्या स्ट्रिंगशी बरोबर धरली जाते आणि यादीत नसताना आत शिरते. 8 मध्ये ही तुलना सुधारली, पण 7 वर चालणारे प्रोजेक्ट अजून आहेत ना.

अ‍ॅरे_इंटरसेक्ट_की कमी पडतं ते नेस्टेड डेटाला (अ‍ॅरेच्या आत अ‍ॅरे). पत्त्याच्या आत पिनकोड, शहर असं असेल तर वरची की पास झाली की आतलं सगळं जसंच्या तसं येतं, त्यासाठी आतल्या अ‍ॅरेवर परत चालवावं लागतं, अर्धा स्टार तिथे कापला. न आलेल्या कीज पण भरून देत नाही, डिफॉल्टसाठी अ‍ॅरे_रिप्लेस लावा. साडेचार स्टार.

एवढं का सांगतोय तर 2012 मध्ये गिटहबवर एकाने फॉर्ममध्ये जास्तीचं फील्ड घुसवून स्वतःची एसएसएच की (लॉगिनची चावी, अ‍ॅरेची की नव्हे) थेट रेल्सच्या (रुबीतल्या फ्रेमवर्कच्या) रेपॉझिटरीला जोडली होती, ते रुबीत होतं पण चूक पीएचपीत अगदी तशीच होते. म्हणून अ‍ॅरे_डिफ_की ने नको त्या कीज काढायची पद्धत मी कुणाला सुचवत नाही, उद्या टेबलात 'इज_अ‍ॅडमिन' कॉलम आला आणि यादीत टाकायचा राहिला की सरळ सेव्ह होणार.